वन्स मोअरची सवय

धानोऱ्यात भाऊंचं कॉम्प्युटर टायपिंगचं दुकान होतं. अर्ज टाइप करतानाही त्यांची बोटं दादऱ्याच्या ठेक्यात पडायची. मी झाडीपट्टीच्या नाटकांतली नवखी गायिका. रियाजाला साथीदार मिळेना, म्हणून ते मला कॉम्प्युटरवर ऑर्गन-तबल्याची साथ बनवून सीडी द्यायचे. "हा तबलजी खर्रा-तंबाखू मागत नाई, रुसत नाई," असं कौतुकानं सांगायचे.

पण प्रत्येक गाणं संपलं, की जरा थांबून साथ पुन्हा मुखड्यापासून सुरू व्हायची.

"भाऊ, हे काऊन?"

"लोकं वन्स मोअर देतीन तवा? सवय पाह्यजे ना, बाई!"

पहिल्याच नाटकात माझं पद संपलं. टाळी नाही, वन्स मोअर तर नाहीच. आणि मी सवयीनं जरा थांबून मुखडा पुन्हा उचलला! ऑर्गनवाला गडबडून माझ्यामागे धावला. लोक हसायला लागले.

तेवढ्यात मागून एक माणूस उठून उभा राहिला. दुकानात कधी आवाज न चढवणारे तेच भाऊ ओरडले,

"हसून काऊन राह्यले? वन्स मोअर मीनं देला ना! गाऊ द्या बाईले!"