माझं हाड मोडणारा माणूस

थंडी पडली की माझ्या डाव्या खांद्याजवळचं हाड आधी बोलतं, मग मी. ते हाड ज्याने मोडलं त्याची ही हकिगत. ती मीच सांगायला हवी, कारण त्याच्याविरुद्ध लेखी तक्रार करणाराही मीच. माझं चष्म्याचं दुकान आहे. लोकांना नीट दिसावं यावर माझं पोट चालतं. मला स्वतःला मात्र त्या सकाळी काही दिसलं नाही, ना डोळ्यांनी ना डोक्याने, असं आमची ही अजून उठता-बसता ऐकवते.

तो महामार्गाच्या गस्तीच्या गाडीवर कामाला होता. बंद पडलेली वाहनं बाजूला घ्यायची, अपघात झाला की मागून येणाऱ्यांना थांबवायचं, असं काम. चाळिशीचा, किडकिडीत, आणि बोलणं इतकं हळू की समोरच्याने कान पुढे करावा. हातात हातभर लाकडी दांडकं आणि त्याच्या टोकाला लाल दिवा. सरकारने दिलं होतं ते दिव्यासाठी, हा वापरायचा दांडक्यासाठी. म्हणून त्या रस्त्यावर सगळे त्याला सोटा म्हणायचे.

आम्ही दोघं लेकीकडे निघालो होतो. सकाळचे पावणेसात, आणि धुकं असं की स्वतःच्या गाडीचं बॉनेटसुद्धा अर्धंच दिसत होतं. पुढच्या व्हॅनचे लाल दिवे धरून मी चाललो होतो. ते दिवे एकदम मोठे झाले. मी ब्रेकवर उभाच राहिलो आणि गाडी व्हॅनपासून चार बोटांवर थांबली. स्वतःची पाठ थोपटून घेतो तोच मागून टेम्पो आदळला आणि माझी गाडी व्हॅनमध्ये घुसली. हिच्या कपाळाला खोक पडली. मग मागे कुठेतरी टायर किंचाळले, धाडकन आवाज झाला, काचा पडल्या. जरा शांतता. पुन्हा टायर, पुन्हा धाडकन. दिसत काहीच नव्हतं, आवाज मात्र जवळ येत होता.

अशा वेळी शहाणी माणसं काय करतात? मी सांगतो, कारण मी तेच केलं. मी खाली उतरलो आणि भर रस्त्यात टेम्पोवाल्याची कॉलर धरली. तो म्हणत होता की ब्रेक तुम्ही मारलात, मी म्हणत होतो की डोळे तुझे गेलेत. व्हॅनवाला आमच्या नंबरप्लेटचे फोटो काढत होता. एक जण बॉनेट उघडून आत वाकला होता, जणू धुकं तिथूनच येत होतं. एक पट्टा लावून गाडीतच बसला होता आणि फोनवर साहेबांना उशीर होईल म्हणून सांगत होता. आमची ही तेवढी कपाळाला पदर लावून कमरेएवढा कठडा ओलांडून पलीकडे गेली होती आणि तिथून मला बोलावत होती. मी तिला तीनदा ‘आलो’ म्हणालो. कॉलर काही सोडली नाही.

तेवढ्यात सोटा आला. शिट्टी नाही, आरडाओरडा नाही. फोनवाल्याची काच त्याने दांडक्याने फोडली, पट्टा कापला, केसांना धरून त्याला बाहेर ओढला आणि कठड्याकडे ढकलला. व्हॅनवाल्याच्या मनगटावर असा फटका मारला की फोन उडाला आणि मागोमाग व्हॅनवालाही पळाला. एका गाडीत स्टीअरिंगखाली माणूस अडकला होता. तो ह्याला हाका मारत होता. सोट्याने त्याच्याकडे बघितलं आणि त्याला तसाच सोडून तो पुढच्या गाडीकडे गेला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी म्हटलं, आधी त्याला काढ, मग आम्हाला हाकल.

“पलीकडे जा,” तो म्हणाला. इतक्या हळू, की मला ती विनंतीच वाटली.

मी म्हटलं, जातो, पण आधी ह्या टेम्पोवाल्याचं नाव लिहून घ्या, तुम्ही साक्षीदार. त्यावर त्याने दांडकं उचललं. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. दुखायच्या आत कमरेखाली लाथ बसली आणि मी कठड्यावरून उलटा होऊन गटारात, हिच्या पायांशी पडलो. माझ्यावर टेम्पोवाला पडला. मग लोखंडी सळया भरलेला ट्रक आला.

ट्रक थांबला, सळया थांबल्या नाहीत. टेम्पोतून, माझ्या गाडीतून, व्हॅनमधून त्या आरपार गेल्या. माझ्या सीटच्या पाठीतून तीन निघाल्या, मी नंतर जाऊन बघितल्या. स्टीअरिंगखालचा माणूस ओरडायचा थांबला. बॉनेट बघणाऱ्यापर्यंत सोटा पोचलाच नव्हता. त्याचं बॉनेट आमच्या डोक्यावरून शेतात गेलं आणि तो स्वतः दोन गाड्यांच्या मध्ये राहिला, उभाच, कारण पडायला जागा नव्हती. एकूण एकोणीस गाड्या होत्या आणि चार माणसं गेली. कठड्यापलीकडे हाकललेल्यांपैकी एकालाही काही झालं नाही, फक्त प्रत्येकाच्या अंगावर कुठे ना कुठे दांडक्याचा वळ होता.

माणसाने उपकार मानायला हवे होते. मी मानले नाहीत. बायकोसमोर आणि टेम्पोवाल्यासमोर मला ढुंगणावर लाथ बसली होती, आणि पन्नाशी उलटलेल्या माणसाला ती हाडापेक्षा जास्त लागते. दवाखान्यात पडल्या पडल्या उजव्या हाताने मी अडीच पानी तक्रार लिहिली. त्यात ‘लाथ’ हा शब्द चार वेळा आहे. इतर दहा जणांच्या सह्या घेतल्या. टेम्पोवाल्याने तर आनंदाने केली, त्या सहीवरूनच आमची दोस्ती झाली.

“जिवंत आहात म्हणून लिहिता येतंय,” ही म्हणाली.

तिचं बरोबर आहे हे कळत होतं. मी आणखी एक वाक्य वाढवलं आणि कागद पाठवून दिला.

अडीच महिन्यांनी चौकशीचं बोलावणं आलं. साहेबांच्या खोलीबाहेर एकच बाक होता आणि त्यावर तो बसला होता. मी तिथूनच मागे वळणार होतो. पण त्याने मला ओळखलंच नाही. सरकून जागा दिली आणि गळ्यात अडकवलेल्या हाताकडे बघून विचारलं, काय झालं.

“पडलो,” मी म्हणालो. खोटं नव्हतं.

जपा, म्हणाला, हे हाड लवकर जुळत नाही. तुलाच माहीत असणार, मी मनात म्हटलं. मग साळसूदपणे विचारलं की तुम्ही इथे कसे. लोकांना मारतो म्हणून तक्रार आहे, तो म्हणाला. मला राहवलं नाही. म्हटलं, मारायचं कशाला? शहाण्याला शब्दाचा मार पुरतो.

“धुक्यात कोणी शहाणा नसतो हो.”

मग समोरच्या भिंतीकडे बघत, कोणी विचारलं नसताना, सांगायला लागला. सहा वर्षांपूर्वी तो ह्या कामावर नवीन लागला होता. असंच धुकं होतं, नऊ गाड्या एकमेकींत घुसल्या होत्या, आणि त्यांत एक त्याच्या वडिलांची होती. वडिलांना खरचटलंसुद्धा नव्हतं. त्याने सगळ्यांना हात जोडून विनवलं तसं त्यांनाही विनवलं, आणि ते कठडा ओलांडून पलीकडे आलेही. मग त्यांना आठवलं की गाडीला कुलूप लावलेलं नाही. आयुष्यात त्यांनी कधी गाडी उघडी टाकली नव्हती. ते परत निघाले.

“मी म्हटलं, बाबा, राहू द्या ना. या ना इकडे. तीनदा म्हटलं,” सोटा म्हणाला. “तीन पावलांवर होते. हात धरून ओढलं असतं तरी झालं असतं. पण बाबांच्या अंगाला हात कसा लावायचा? ते म्हणाले, आलोच. आणि बस आली.”

तो अजून भिंतीकडेच बघत होता.

“दार नंतर सापडलं, बरंच लांब. कुलूप लागलेलं होतं.”

मीही त्या सकाळी ‘आलो’ असंच म्हणत होतो. पहिल्यांदाच मला माझ्या अडीच पानांची लाज वाटली.

आत गेल्यावर साहेबांनी तोंड उघडायच्या आत मी उभा राहिलो आणि तक्रार मागे घेतो म्हणून सांगितलं. सोट्याने चमकून माझ्याकडे बघितलं, मग हाताकडे.

“टेम्पोवाले का तुम्ही?” त्याने विचारलं.

“त्याच्या पुढचा.”

त्याने मान हलवली. राग नाही, काही नाही. साहेब भला माणूस होता, पण म्हणाला, तुमची एकट्याची मागे घेऊन भागत नाही, बाकी दहा सह्या आहेत. त्याने सोट्यापुढे हमीचा एक छापील कागद केला: यापुढे मी नागरिकांशी नम्रपणे बोलेन आणि कोणावरही हात उचलणार नाही. सही केली की नोकरी राहते, नाही केली तर जाते. मी सोट्याला माझ्या धड हाताच्या कोपराने ढोसलं, म्हटलं, करून टाका, धुक्यात कोण बघायला येतंय?

त्याने कागद दोनदा वाचला आणि पेन खाली ठेवलं.

“साहेब, सही केली तर हात उचलताना ती आठवेल. तेवढ्यात गाडी येते.”

त्या दिवशी त्याचं जाकीट, शिट्टी आणि दांडकं जमा करून घेतलं. मी बाहेर दहा जणांना फोन लावत बसलो, सह्या मागे घ्या म्हणून. म्हणतात ना, बैल गेला आणि झोपा केला.

तो त्याच रस्त्यावर पेट्रोल पंपावर लागला. मी वाट वाकडी करून तिथेच पेट्रोल भरायचो. तो काच पुसून द्यायचा आणि हाड जुळलं का ते विचारायचा. गस्तीवर त्याच्या जागी दुसरा आला होता, कर्णा घेतलेला. कृपया रस्त्यावर थांबू नका, असं सांगायचा. पुढच्या हिवाळ्यातल्या पहिल्याच धुक्यात पाच माणसं गेली. पेपरात होतं की पाचही जण गाडीतून उतरून रस्त्यात बोलत उभे होते. मला दोन दिवस जेवण गेलं नाही. ते पाच जण माझ्या अडीच पानांत कुठेतरी होते.

आठवड्याने पुन्हा धुकं पडलं. दुपारी मला अँब्युलन्सच्या ड्रायव्हरचा फोन आला. त्याची आणि माझी ओळख चौकशीच्या वेळची. तो म्हणाला, सोट्याला दवाखान्यात आणलंय, या. सगळं त्यानेच मला दाराशी सांगितलं.

पंपापासून हाकेच्या अंतरावर पहिली धडक झाली तसा सोटा हातातलं काम टाकून धावला. रस्त्यात बारा माणसं उभी होती आणि चूक कोणाची ह्यावर हमरीतुमरी चालली होती. ह्याच्याकडे दांडकं नाही, जाकीट नाही, अंगात पंपाचा मळका शर्ट. त्याने एकाला ढकललं, तर त्याने ह्यालाच उलट ढकललं आणि विचारलं, तू कोण? तेव्हा ह्या हळू बोलणाऱ्या माणसाने सगळ्यांत धिप्पाड माणूस निवडून त्याच्या कानाखाली काढली. एका नव्या गाडीचा आरसा लाथ मारून तोडला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात एकेकाचा बाप काढला, आणि कठड्यावरून उडी टाकून शेतात पळाला. बाराही जण त्याच्यामागे धावले.

नांगरलेल्या शेतात चाळीस पावलांवर त्यांनी त्याला गाठला. पट्टे निघाले, ढेकळं निघाली, एकाच्या हातात जॅकचा दांडा होता. बरगड्या मोडल्या, जबडा सरकला, चार दात गेले. ते त्याला तुडवत होते तेव्हा मागे रस्त्यावर टँकर आला आणि त्यांच्या रिकाम्या गाड्या एकीतून एक भेदत शेवटपर्यंत गेला. सगळे हात वर उचललेले तसेच थांबले. एकाने पाय उचललेलाच होता म्हणून ती एक लाथ तेवढी बसली.

आत जाताना वऱ्हांड्यात तो धिप्पाड माणूस बसला होता. गालावर पाच बोटं उमटलेली, मारून मारून स्वतःच्याच हाताला बँडेज, आणि मांडीवर कागद. पेन आहे का, त्याने मला विचारलं, तक्रार लिहायची आहे. माझा राग तुम्हाला माहीत आहे. मी त्याची कॉलर धरली, उठवला आणि तसाच ओढत खाटेपाशी नेला.

सोट्याचं तोंड ओळखू येत नव्हतं. एक डोळा बंद होता. दुसऱ्या डोळ्याने त्याने आधी मला बघितलं, मग त्या माणसाला, आणि बराच वेळ त्याच्याकडेच बघत राहिला. ओठ हलले. मी कान पुढे केला, आणि माझ्या हातात कॉलर असल्यामुळे त्या माणसालाही वाकावं लागलं.

“मागे कोणी राहिलं नाही ना?”

धिप्पाड माणसाने हातातला कागद चुरगाळला. त्याची मान खाली गेली होती.

“नाही,” तो म्हणाला. “सगळेच आलो होतो. तुम्हाला मारायला.”

सोट्याने तो उघडा डोळाही मिटला, आणि मी कॉलर सोडली.