पगारी आसवं

पॅरिसच्या त्या लहानशा नाटकगृहात मादाम ऑदिल पगारावर रडायची. पैसे घेऊन दाद देणाऱ्यांच्या टोळीत टाळ्या पिटणारे वेगळे, हसणारे वेगळे; तिसऱ्या अंकात देखणा लेफ्टनंट प्रेयसीला सोडून बोटीकडे निघाला की पुढचं खातं ऑदिलचं. डाव्या बाहीतून रुमाल काढून ती असा हुंदका द्यायची की आजूबाजूच्या बायकाही आपापले रुमाल चाचपायच्या. तिचा नवरा वारला तेव्हा ती ढसाढसा रडली, तर शेजारणी कौतुकानं म्हणाल्या, "कसब आहे हो हातात." त्यानंतर घरच्या कामासाठी आसवं वापरणं तिनं बंदच केलं.

रंगमंचापुढच्या खोलगट जागेत बसणाऱ्या वाद्यवृंदात ट्रॉम्बोन वाजवणारा फिर्मॅं हे रडणं रोज खालून बघायचा. रविवारी दुपारच्या खेळाआधी दोघं कोपऱ्यावरच्या कॅफेत कांद्याचं सूप प्यायची. तो लग्नाचं काढेल म्हणून ती थांबली होती, ती काही सुचवेल म्हणून तो. अशा थांबण्यात वर्षं मोठी छान जातात.

एका रविवारी तो म्हणाला, "लियॉंच्या नाटकगृहात जागा मिळालीय. आजच निघतोय, इथं माझ्या जागी दुसरा वाजवेल." मग चमचा ढवळत, "म्हणजे, कुणाला फार वाईट वाटणार असेल तर नाहीही जाणार."

ऑदिलला भडभडून आलं. पण या माणसापुढे धंद्यातला माल काढायचा? छे. तिनं दात आवळले, डोळे कोरडे ठेवले. आपण त्याला केवढा मान देतोय हे त्याला कळेलच, याची तिला खात्री होती.

"सूप निवतंय," ती म्हणाली.

फिर्मॅंनं तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "त्या लाकडी तलवारवाल्या लेफ्टनंटसाठी रोज रुमाल भिजवता तुम्ही," तो म्हणाला. "बरं. येतो मग." अर्धं सूप तसंच टाकून तो गेला.

तिसऱ्या अंकात लेफ्टनंटचं निरोपाचं गाणं सुरू झालं. खालून ट्रॉम्बोन वाजला, सूर तेच, श्वास परक्याचा. ऑदिलला रडू फुटलं. रुमाल बाहीतच राहिला, नाक वाहू लागलं, शेजारची बाई उठून दुसरीकडे जाऊन बसली.

पडदा पडल्यावर टोळीचा म्होरक्या गास्पार तणतणत आला. "काय हे बाई? एवढ्या लवकर? लेफ्टनंट अजून गेला तरी होता का?"

"गेला होता," ऑदिल म्हणाली.