टकलावरचं ऊन

टक्कल का चमकतं, हे मला बायकोच्या दहाव्याला यमुनेच्या घाटावर कळलं. न्हाव्याने आधी पोराचं डोकं भादरलं, मग माझ्याकडे बघून वस्तरा खालीच ठेवला.

"फिरव नुसता," मी म्हटलं. "रीत आहे."

"साहब, काटूँ क्या? लड़के के खूँट रह गए, धूप उनमें अटकती है। आपकी तो जड़ें ही गईं। चमड़ी सपाट, ऊपर अपना ही तेल। शीशा है, शीशा।"

खोटं नव्हतं. पोराचं डोकं हिरवट, मंद दिसत होतं. माझ्याकडे बघून भटजींनी डोळ्यांवर हात धरला.

"ते आधी झाका. कावळा बुजेल."

मेहुण्याने माझ्या डोक्याला पंचा गुंडाळला. पिंड ठेवला. कावळा भिंतीवरच.

मेलेल्या माणसाचं काही राहिलं असेल तर कावळा शिवत नाही, असं आमच्यात मानतात. भटजी म्हणाले, बारापर्यंत बघू, नाहीतर दर्भाचा कावळा करून शिववू. मला ते नको होतं. गवताचा कावळा कुठेही शिवतो. तिचं मन सुटलं की नाही, हे मला मग कधीच कळलं नसतं.

पोराने हात जोडले. "आई, आबांना एकटं ठेवणार नाही." कावळा ढिम्म. मेहुणा म्हणाला, "ताई, पोरीचं लग्न गावाकडेच करू." तरी नाही.

मग माझ्याकडे वळला, "दाजी, हा कावळा दिल्लीचा आहे. हिंदीत सांगून बघा."

मागे कुणीतरी हसलं. मी घड्याळ बघत होतो. साडेअकरा झाले. कावळा एकदा खाली उतरला, दोन उड्या मारून जवळ आला, मान तिरकी करून मला बघितलं आणि परत भिंतीवर गेला. हिने मला ओळखलंच नाही, असं वाटलं.

त्याला कारण आहे. फौजेतून सुटल्यावर मी नोएडात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. सेक्टर नवा, सगळ्या इमारती एकाच रंगाच्या, माणसंही लांबून सारखीच. मी एका नव्या कंपनीच्या गेटवर ड्यूटीला होतो, दुपारी सुटायचो. ही बाल्कनीत उभी असायची. वळणावर माझं टक्कल चमकलं की आत जाऊन चहा टाकायची. एकदा थंडीत कानटोपी घालून आलो, तर चहा नाही.

"मला वाटलं दुसराच कोणी," म्हणाली. "टोपी जिन्यात घाला. थंडी वाजली तर वाजू दे."

ती गेली त्या दुपारी मी वर पोचलो तेव्हा ती ओट्याजवळ पडलेली होती आणि गॅसवर चहा उकळत होता. म्हणजे मला तिने बघितलं होतं.

मी पंचा सोडला.

"अहो, काय करता?" भटजी ओरडले. त्यांच्या हातात दर्भ तयार होता.

"आबा, बसा की!"

मी उन्हात पुढे झालो आणि मान खाली घातली, चमकेल तेवढं चमकू दे म्हणून. "आलोय गं," म्हटलं. वर बघायची हिंमत नव्हती. पंखांची फडफड ऐकू आली.

"शिवला, शिवला!" मेहुणा म्हणाला.

माझा विश्वास बसेना. पोराला दोनदा विचारलं, चोच नक्की लागली का.

"आबा, अर्धा घेऊन गेला."

तेव्हा कुठे बसलो.