तिबोटी खंड्या आणि शेवटचं पॅनेल

मिक्सर सुरू झाला होता आणि बबनभाऊ बिळं बुजवत होते. लोणावळ्यात कुंदाताईंच्या बंगल्यामागे आम्ही रिटेनिंग वॉल, म्हणजे डोंगराची माती अडवणारी भिंत, बांधत होतो. भर जुलैत. काम पावसाआधी संपायला हवं होतं. पण आमच्या धंद्यात ‘हवं होतं’वर कुणी विसंबत नाही.

मावळात तासलेल्या मातीत खेकड्यांची बिळं असतातच. काँक्रीटमधलं सिमेंट त्यात वाहून जातं, म्हणून आमचे मुकादम, कार्ल्याचे बबनभाऊ, बीळ दिसलं की आधी त्यात सिमेंट-वाळूचा ओला माल भरतात.

चहाला थांबलो, तेव्हा एक पाखरू आलं. चिमणीएवढं. पोट नारिंगी-पिवळं, पाठ जांभळट निळी, चोच लाल. चोचीत सापसुरळी. तासलेल्या मातीसमोर फडफडून फांदीवर परतलं. पुन्हा आलं, पुन्हा परतलं.

मी सिव्हिल इंजिनिअर, पण जीव पाखरांत. हा तिबोटी खंड्या. पायाला तीनच बोटं, म्हणून तिबोटी. हा झाडीतल्या ओढ्याकाठी राहतो, पाली-बेडूक खातो आणि ऐन पावसात मातीत बोगदा करून पिल्लं काढतो.

“भाऊ, तुम्ही पाखराचं घर बुजवलंत.”

“न्हाई मॅडम, खेकड्याचं हाय ते.”

“खेकड्याला सापसुरळी कोण आणून देतं?”

बबनभाऊ कप टाकून धावले. माल अजून ओला होता, बोटांनी निघाला. आम्ही लांब जाऊन बसलो. पिल्लं गुदमरली असतील या भीतीने मी बिळावरची नजर काढली नाही. शेवटी पाखरू आत शिरलं आणि रिकाम्या चोचीने बाहेर आलं. म्हणजे आत खाणारं कुणीतरी होतं. बबनभाऊंनी कानाला हात लावला.

पण भिंत थांबवणंही शक्य नव्हतं. माती सुटली, तर थेट कुंदाताईंच्या स्वयंपाकघरात. भिंत आम्ही तुकड्यातुकड्यांनी ओततो; एका तुकड्याला पॅनेल म्हणतात. बिळासमोरचं पॅनेल शेवटी ओतायचं, तोवर बीळ मोकळं ठेवून वर ताडपत्री, खाली वाळूच्या गोण्या, असं मी ठरवलं. आणि कुंदाताईंना सांगितलं, की तोवर स्वयंपाकघरात पाऊल ठेवायचं नाही.

“तोवर म्हणजे कधीपर्यंत?” सत्तरीच्या, एकट्या राहणाऱ्या बाई.

“पिल्लं उडेपर्यंत.”

“आणि ती कुणाला विचारून उडणार?”

“कुणालाच नाही.”

कुंदाताईंनी बिळाकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “बाळंतिणीसाठी खोली रिकामी करतोच की आपण. उचला शेगडी.”

त्या क्षणी मला त्या फार आवडल्या. शेगडी पुढच्या पडवीत गेली. बाकीची पॅनेलं झाली. मधे एकदा वरून माती घसरली, ती गोण्यांनी अडवली. माझा जीव मात्र टांगणीलाच होता. बबनभाऊ तर कुणी मोठ्याने बोललं तरी डोळे वटारत.

एका सकाळी गोण्यांवर मळकट रंगाचं, आखूड चोचीचं पिल्लू बसलेलं दिसलं. मग दुसरं. “मॅडम, आता वतू का?” “उद्या.” दिवसभर बिळात कुणी फिरकलं नाही. टॉर्च मारून पाहिलं, आत कुणी नव्हतं. मग शेवटचं पॅनेल ओतलं.

नव्या पोरांना आम्ही शिकवतो, ओतण्याआधी बिळं बुजवा. मी त्याआधी थोडा वेळ लांब बसायला सांगते. घरमालक बाजाराला गेलेला असू शकतो.