अकरा वर्षांच्या मुलाची चिठ्ठी

"ए कंपाउंडर, हात चालव. तोंड न्हाय."

हे मला एका वीस वर्षांच्या मुलाने ऐकवले. मी चोपन्न वर्षांचा. बारामतीत एका महाविद्यालयासमोरच्या औषधाच्या दुकानातला नोंदणीकृत फार्मासिस्ट. संध्याकाळची वेळ, काउंटरपुढे सहासात गिऱ्हाइके. मुलगा मालकांचा पुतण्या, समोरच्याच महाविद्यालयात शिकणारा ऋषिकेश. मालकांना सगळे अण्णा म्हणतात.

त्याने पुढे सरकवलेली चिठ्ठी त्याच्या अकरा वर्षांच्या आतेभावाच्या नावाची होती. त्या लहानग्याचे वर्गात चित्त ठरत नाही, एका जागी बसवत नाही. त्या आजारासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी. आम्ही ती कुलपात ठेवतो. चिठ्ठीवर औषध दिल्याचा शिक्का आधीच पडलेला होता. ऋषिकेशला मात्र तीन पाकिटे हवी होती. परीक्षा महिन्यावर आली होती.

मी हळूच म्हणालो, "ही चिठ्ठी संपली आहे. आणि ही गोळी तुमच्यासाठी नाही."

त्याने अण्णांना फोन लावला. सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"त्याला सांग," अण्णांचा आवाज आला, "पांढरा कोट घातला म्हणून जात बदलत न्हाय. भितीवर त्याचा कागद टांगलाय त्यो आमच्या मेहेरबानीनं. दे म्हणावं गप."

एक गिऱ्हाईक हसले. बाकीच्यांनी खाली पाहिले. कळंबच्या आमच्या वस्तीत औषधनिर्माणशास्त्राची पदविका घेणारा मी पहिला. ती पदविका भिंतीवर होती आणि मी तिच्याखाली उभा होतो.

मी कुलूप काढले. तीन पाकिटे दिली.

त्या रात्री मी जेवलो नाही. माझ्या अपमानाचाच विचार करीत राहिलो. गोळ्यांचा विचार केला नाही. हे मला आज लिहिणे भाग आहे. अपमान माणसाला मोठे करतो, असे मी ऐकत आलो होतो. मला त्याने त्या दिवशी केवळ स्वतःत गुंतवून टाकले.

पुढे दोन आठवड्यांनी एक मुलगी दुकानात आली. दीपाली. अंथुर्ण्याची, दुसऱ्या वर्षाला. वडील वांगी-भेंडी करतात. ती नेहमी डोकेदुखीची गोळी न्यायला यायची, म्हणून ओळख. तिचे ओठ कोरडे पडले होते. नखे कुरतडून रक्ताळलेली.

"काका, झोपायची काय गोळी हाय का?"

"का गं?"

"अभ्यासाची घेती मी. ऋषिकेशदादा देतो, आमच्या निम्म्या वर्गाला देतो. आधी एक घेतली की पुस्तक हातातनं सुटत नव्हतं. आता दोन लागत्यात. आन् डोळा लागत न्हाय. छातीत नुसतं धडधडतंय. भूक पण न्हाय. आई म्हणती, उपास धरलास व्हय?"

ती हसली. मी हसलो नाही. मला सारे कळले होते. त्या गोळीने हृदयावर काय भार पडतो, रक्तदाब कुठवर चढतो, हे मी शिकलो होतो. तिच्या घरी कळवायला हवे होते. निदान तिला हाताला धरून डॉक्टरांकडे न्यायला हवे होते.

मी म्हणालो, "त्या गोळ्या बंद कर. पाणी पी."

एवढेच. कारण तिच्यासाठी बोललो असतो, तर गोळ्या कुणी दिल्या हेही बोलावे लागले असते.

नऊ दिवसांनी, पहिल्याच पेपरला, ती बाकावरून कोसळली.

बातमी दुकानात आली ती अशी: पोरगी उपवासाने पडली. मैत्रिणींनी रुग्णालयात तेच सांगितले. आईनेही तेच, लेक तीन आठवडे ताट परत पाठवत होती, तिला वाटले नवस बोलली असेल. जेवत नसलेल्या मुलीला आपल्याकडे कुणी आजारी समजत नाही. तिला सलाइन लावून ठेवले होते.

अण्णा स्वतः दुकानात आले. प्रथमच त्यांनी मला खुर्ची दिली.

"उपासानं पडली म्हणत्यात. तसंच राहू दे. तू काय बघितलं न्हाय, काय दिलं न्हाय."

"अण्णा, डॉक्टरांना गोळीचं ठाऊक नाही. चुकीचे उपचार होतील."

"तुला लई कळतंय? पयला तूच आत जाशील."

"जाईन," मी म्हणालो.

तीस वर्षांत त्यांना दिलेले माझे पहिले उलट उत्तर. मी रुग्णालयापर्यंत चालत गेलो. डॉक्टरांना औषधाचे नाव सांगितले, मात्रा सांगितली, किती दिवस ते सांगितले. ते तत्काळ उठले. मुलीला अतिदक्षता विभागात हलवले. मेंदूत रक्तस्राव सुरू झाला होता. "हे सकाळी कळायला हवं होतं," एवढेच ते म्हणाले.

दीपालीचे वडील दारात उभे होते. त्यांनी सारे ऐकले होते.

"तुमी दिल्या?"

"ऋषिकेशला मी दिल्या. त्याने तिला."

"आन् तुमाला कवापासून ठावं?"

"नऊ दिवस."

ते माझ्याकडे पाहत राहिले. त्यांनी मारले असते तर मला बरे वाटले असते. त्यांनी मला तेवढी सुटकाही दिली नाही.

दीपाली जगली. तिचा उजवा हात उचलला जात नाही. शब्द अडखळतात. बरी होईल का, हे डॉक्टर सांगत नाहीत.

मी औषध निरीक्षकांपुढे लेखी जबाब दिला आहे. दुकान बंद आहे. माझी नोंदणी रद्द होईल, बहुधा शिक्षाही होईल. माझे वकील भले गृहस्थ आहेत. ते म्हणतात, "जातीवरून तुमच्यावर दबाव आणला, हेच पुढं करा. तुम्ही सुटाल."

मी त्यांना नकार दिला. जातीवरून झालेल्या अपमानाची फिर्याद मी वेगळी नोंदवली आहे आणि ती मागे घेणार नाही. तो अण्णांचा गुन्हा. कुलूप काढणारा हात माझा, नऊ दिवस गप्प राहिलेले तोंडही माझे. तो माझा गुन्हा. त्यांच्या गुन्ह्याआड मी लपणार नाही. माझ्या गुन्ह्याआड त्यांना लपू देणार नाही. दोन्ही खटल्यांत मी उभा राहीन. एकात फिर्यादी म्हणून, एकात आरोपी म्हणून.