काकू, कडी जुनी झाली हो

मग काय चुकलं माझं? आपल्याच पॅनलचा सरपंचपदाचा उमेदवार तात्या की अण्णा, यावरून गाव फाटलंय. मी काल गावाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एवढंच लिहिलं, की दोघंही नकोत, बचतगटाच्या शोभाताईंना उभं करा.

आज इथं म्युनिकला हॉटेलात तंदूर पेटवत होतो, तर आईचा फोन. "अरे, सकाळी तात्यांची पोरं आली, दुपारी अण्णांची. चहा प्याली, गोड बोलली. जाताना दोन्हीकडची पोरं एकच गोष्ट म्हणाली, काकू, दाराची कडी जुनी झाली हो."

घरात आई एकटी असते, सगळ्यांना माहीत आहे.

गावकऱ्यांनो, भांडणारे दोघं कडीवर कसे एक झाले? माझी पोस्ट मी काढणार नाही.

आई, उद्याच लोखंडी दार बसव. पंचवीस हजार पाठवतोय.