उलटे आटे

"डोळ्याचं ऑपरेशन माझं आहे, त्या खटाऱ्याचं नाही!"

"हळू बोल. मालक ऐकतील."

"ऐकू देत. शर्यतीला दुसरा मिस्त्री न्या म्हणावं."

मिस्त्री गाडीखाली उताणा पडला होता. बायकोला त्याचे फक्त पाय दिसत होते. मालकांची ही जुनी गाडी परवा रात्रंदिवस चालणाऱ्या शर्यतीत उतरणार होती आणि तिचं ऑपरेशनही परवाच होतं.

"दुसऱ्याला ती उघडत नाही," तो खालून म्हणाला.

ते खरंच होतं. तरुणपणी नोकरी जाईल या धास्तीने त्याने इंजिनाच्या नटबोल्टांना गुपचूप उलटे आटे पाडले होते. दुसरा कुणी नट सोडवायला गेला की तो आणखी आवळला जायचा. मालक कौतुकाने सांगायचे, "आमची गाडी मोठी मानी! मिस्त्रीशिवाय कुणाचा हात लावून घेत नाही." तेव्हा मिस्त्री मिशीतल्या मिशीत हसायचा. आता गाडी निघाली की त्यालाही निघावंच लागे.

"मग खरं काय ते सांगून टाका की."

"या वयात? तोंड कुठे लपवू?"

"आहे की जागा. गाडीखाली."

तो हसायला गेला आणि कपाळ सायलेन्सरवर आपटलं.

"अगं, तुझा भाऊ येईल ना सोबतीला? शर्यत संपली की मी तसाच धावत येतो. चालेल ना?"

तिच्या चपला चाकाशी जराशा थांबल्या.

"चालेल ना गं?"

चपला वळल्या आणि दाराबाहेर गेल्या.